कॅरिबियनची क्रूझ बंदरं: धक्का कुणाचा, बाजार कुणाचा

मायामीहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझमध्ये साधारण तीन-चार बंदरं लागतात. सकाळी सात-आठला बोट धक्क्याला लागते आणि दुपारी चार-पाचला सुटते. एका बंदरात उतरल्यावर समोर तीनशे वर्षांचं जुनं शहर असतं, तर दुसऱ्यात रस्ताभर हिरे आणि घड्याळांची दुकानं. तिसऱ्या ठिकाणी कुंपणाच्या आत नवाकोरा रंगीत चौक दिसतो, खरं गाव कुंपणापलीकडे. चौथ्या बेटावर गावच नसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की बेटंच अशी वेगवेगळी असतील. खरं म्हणजे प्रत्येक धक्का कुणी, कधी आणि कशासाठी बांधला, यावर त्या बंदराचं रूप ठरलेलं आहे.

या प्रवासाची सुरुवात केळ्यांपासून झाली. मॅसॅच्युसेट्सचा कप्तान लोरेन्झो डाऊ बेकर 1870च्या दशकात जमैकाच्या पोर्ट अँटोनियोहून केळी भरून अमेरिकेला नेऊ लागला. केळी उतरवून बोटी रिकाम्या परतायच्या, तेव्हा त्यांत प्रवासी घेतले जाऊ लागले. बेकरने त्यांच्यासाठी पोर्ट अँटोनियोत टिचफील्ड हे हॉटेलही चालवलं. पुढे 1899 मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. उन्हाने तळातली केळी तापू नयेत म्हणून तिच्या बोटींना पांढरा रंग दिलेला असे आणि वरच्या मजल्यांवर हौशी प्रवाशांसाठी केबिन असत. बोट बंदरात किती वेळ थांबणार हे घड भरायला किती वेळ लागतो यावर ठरायचं. केवळ सहलीसाठी बांधलेली जर्मन बोट ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ही याच काळात इथे फिरत होती. 1906च्या डिसेंबरात ती जमैकाच्या पोर्ट रॉयलजवळ खडकावर चढली आणि निकामी झाली.

1920 ते 1933 या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा क्युबातल्या हवाना आणि बहामातल्या नासाऊच्या फेऱ्यांना गर्दी लोटली. पुढची तीसेक वर्षं अमेरिकन पर्यटकाचं कॅरिबियन म्हणजे मुख्यतः हवाना. मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. 1958 मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि मोठ्या प्रवासी बोटींचा धंदा बसला. 1959 मध्ये क्युबात क्रांती झाली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकनांसाठी हवाना बंद झालं. बोटी होत्या आणि सुट्टीवर निघालेले लोकही होते, पण जायचं कुठे हा प्रश्न पडला. आज ज्या बंदरांची नावं प्रत्येक माहितीपत्रकात दिसतात, त्यांतली बरीचशी या पोकळीत वर आली. मधल्या काळात, 2016 मध्ये, अमेरिकी क्रूझ पुन्हा हवानाला लागली होती, पण 2019 मध्ये तो रस्ता परत बंद झाला.

मायामीचा उदय याच काळातला. नॉर्वेच्या क्लोस्टर कुटुंबाने ‘सनवर्ड’ ही गाड्या वाहणारी प्रवासी बोट इंग्लंड ते जिब्राल्टर मार्गासाठी बांधली होती. जिब्राल्टरवरून ब्रिटन आणि स्पेनचं बिनसलं आणि त्या फेऱ्या बारगळल्या. इकडे मायामीत टेड अॅरिसन या क्रूझ व्यावसायिकाकडे प्रवाशांची नोंदणी होती, पण बोट हातची गेली होती. दोघांची गाठ पडली आणि 19 डिसेंबर 1966 रोजी ‘सनवर्ड’ मायामीहून नासाऊला निघाली. त्यांच्या कंपनीचं नाव होतं नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन. 1968 मध्ये रॉयल कॅरिबियन स्थापन झाली. अॅरिसनचं क्लोस्टरशी फाटलं आणि 1972 मध्ये त्याने कार्निव्हल काढली. तिची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ पहिल्याच फेरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतली होती. आज या धंद्यात दबदबा असलेल्या तिन्ही कंपन्यांची मुळं अशी सहा वर्षांत रुजली.

नासाऊ जवळजवळ प्रत्येक छोट्या क्रूझमध्ये का असतं, याचं उत्तर अमेरिकेच्या 1886च्या एका कायद्यात आहे. परदेशी झेंड्याखालच्या बोटीला केवळ अमेरिकी बंदरांमध्येच प्रवासी फिरवायला हा कायदा मनाई करतो. मोठ्या क्रूझ बोटींची नोंदणी बहुतेक बहामा, पनामा अशा देशांत असते, कारण तिथे कर आणि कामगार कायदे कंपन्यांना सोयीचे पडतात. त्यामुळे मायामीहून निघून मायामीलाच परतणाऱ्या बोटीला वाटेत निदान एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. नासाऊ जवळचं, म्हणून कधी कधी तिथला थांबा निव्वळ काही तासांचा असतो. तिथला धक्का एका खाजगी कंपनीला दीर्घ मुदतीच्या कराराने देण्यात आला आणि नवं रूप घेऊन 2023 मध्ये पुन्हा खुला झाला.

आपल्या वाचकांनी याच्याशी जोडलेली एक गोष्ट लक्षात ठेवावी. बोट अमेरिकेतून निघून अमेरिकेत परतणार असेल, तर भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागतो. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर परत येताना पंचाईत होते.

दुकानांच्या बंदराचा मूळ नमुना म्हणजे व्हर्जिन बेटांपैकी सेंट थॉमसचं शार्लट अमाली. डेन्मार्कच्या ताब्यात असताना अठराव्या शतकात ते जकातमुक्त बंदर झालं. आसपासच्या साम्राज्यांच्या लढाया चालू असतानाही इथे सगळ्यांचा माल उतरे. 1917 मध्ये अमेरिकेने अडीच कोटी डॉलर सोन्यात मोजून ही बेटं विकत घेतली, तरी जकातीची सवलत टिकली. मुख्य रस्त्यावर जाड दगडी भिंतींची आणि कमानदार दारांची लांबलचक गोदामं आहेत. त्यांत एके काळी साखर आणि रम साठवली जायची, आता आत काचेच्या कपाटांतून हिरे मांडलेले असतात. गल्ल्याशी बरेचदा सिंधी माणूस भेटतो. सिंध्यांचा दूरदेशीचा व्यापार फाळणीच्या आधीपासूनचा. फाळणीनंतर सिंध सुटलं, अनेक कुटुंबं मुंबई-उल्हासनगरला स्थिरावली आणि त्यांच्यातले काही पुढे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, कुरसावपर्यंत पोचले. हिंदीत भाव करायची संधी मिळते हे खरं. पण बोटीवर ज्या दुकानांची नकाशासकट शिफारस होते, ती दुकानं त्या प्रसिद्धीसाठी पैसे मोजत असतात, हे जाणूनच खरेदीला जावं.

तोवर बोटी वाढत चालल्या होत्या. 1970ची ‘साँग ऑफ नॉर्वे’ सातशेच्या आसपास प्रवासी नेई. 2009ची ‘ओअॅसिस ऑफ द सीज’ पाच हजारांहून अधिक नेते आणि 2024ची ‘आयकॉन ऑफ द सीज’ पूर्ण भरली तर साडेसात हजारांच्या वर. एवढी बोट जुन्या बंदरात मावत नाही. खाडी खोल करायची, नवा धक्का टाकायचा तर कोट्यवधी डॉलर लागतात. छोट्या देशांकडे तेवढा पैसा नव्हता, कंपन्यांकडे होता. मग कंपन्या स्वतः बंदरं बांधू लागल्या किंवा सरकारांशी भागीदारी करू लागल्या. टर्क्स आणि कैकॉस बेटांतलं ग्रँड टर्क 2006, होंडुरासच्या रोआतान बेटावरचं महोगनी बे 2009, डॉमिनिकन रिपब्लिकमधलं अँबर कोव्ह 2015, ही तिन्ही कार्निव्हलची.

जमैकाचं फॅलमथ मात्र थांबून पाहावं असं आहे. 1769 मध्ये वसलेलं हे गाव साखरेवर श्रीमंत झालं. न्यूयॉर्कच्या आधी आमच्याकडे नळाचं पाणी होतं, असं गावकरी अभिमानाने सांगतात. ती श्रीमंती आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभी होती. बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम निब इथेच गुलामगिरीविरुद्ध लढला. 31 जुलै 1838च्या मध्यरात्री मुक्तीचा क्षण आला, तेव्हा त्याच्या चर्चच्या आवारात साखळी, चाबूक आणि गळ्यात अडकवायचं लोखंडी कडं एका शवपेटीत घालून पुरण्यात आलं. साखरेचा धंदा बुडाल्यावर गाव मागे पडलं आणि म्हणूनच जुनी जॉर्जियन (त्या काळच्या ब्रिटिश धाटणीची) घरं पाडली गेली नाहीत.

2011 मध्ये रॉयल कॅरिबियन आणि जमैकाच्या बंदर प्राधिकरणाने इथे मोठा धक्का बांधला. धक्क्याच्या आवारात जुन्या घरांच्या धाटणीची नवी दुकानं उभारली, भोवती कुंपण आलं आणि फाटकावर पहारा बसला. फाटकाबाहेर काही पावलांवर अस्सल जुनी घरं आणि वॉटर स्क्वेअरचा चौक आहे. पण बहुतेक प्रवासी आतच खरेदी करतात किंवा थेट बसमध्ये बसून मार्था ब्रे नदीवरच्या बांबूच्या तराफ्यांकडे जातात. हजारो माणसं उतरतात, पण आपल्या दारापर्यंत फार थोडी येतात, ही स्थानिक विक्रेत्यांची जुनी तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते. इथे उतरणाऱ्याने फाटक ओलांडून तासभर तरी गावात चालावं, निबचं चर्च पाहावं.

कुंपणाच्या पुढची पायरी म्हणजे खाजगी बेट. नॉर्वेजियनने 1977 मध्ये बहामातलं ग्रेट स्टिरप के घेतलं (‘के’ म्हणजे छोटं बेट). नंतर इतरांनी तोच कित्ता गिरवला: हॉलंड अमेरिकाचं हाफ मून के, डिस्नेचं कास्टअवे के, रॉयल कॅरिबियनचं कोकोके. पाणी नितळ, खुर्च्या मांडलेल्या, खर्च बोटीच्याच कार्डावर. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर हे सोयीचं असतं, यात शंका नाही. पण हैतीतल्या लाबादीची आठवण टाळता येत नाही. 1986 पासून रॉयल कॅरिबियनने भाड्याने घेतलेला हा किनारा कुंपणाने उरलेल्या हैतीपासून वेगळा केलेला आहे. 12 जानेवारी 2010च्या भूकंपात त्या देशात प्रचंड मनुष्यहानी झाली आणि थोड्याच दिवसांत इथे पुन्हा क्रूझ लागल्या. बोटींनी मदतीचं सामान आणलं, हेही खरं. तरी त्याच किनाऱ्यावर लोक सुट्टी घालवत आहेत, हे अनेकांना पाहवलं नाही.

या सगळ्यात कामाला असलेली आपली माणसंही आहेत. गोव्यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी ‘बोटीवर’ असतं. मुंबई आणि कोकणातलेही पुष्कळ तरुण स्वयंपाकघरात, केबिनमध्ये, इंजिनरूममध्ये राबतात. करार महिनोन् महिन्यांचे, आठवड्याची सुट्टी जवळजवळ नाही. बंदरात दोन तास मोकळे मिळाले तर ही मंडळी स्वस्त वायफाय आणि सुपरमार्केट गाठतात. अशा वेळी रस्त्यात कुणी मराठी किंवा कोंकणीत बोलताना दिसलं तर अवश्य थांबा. शहरात कुठे बरं आणि स्वस्त खायला मिळतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

सगळ्याच बेटांनी धक्के बांधू दिले असं नाही. ग्रँड केमनच्या जॉर्ज टाउनला मोठ्या बोटींसाठी धक्काच नाही. बोट बाहेर नांगर टाकते आणि प्रवासी लाँचमधून किनाऱ्यावर येतात. धक्का झाला तर प्रवाळ आणि जवळच्या, डायव्हिंग करणाऱ्यांच्या आवडत्या जागा नष्ट होतील, अशी भीती लोकांना होती. बांधू इच्छिणाऱ्यांचं म्हणणं, नव्या अवाढव्य बोटी लाँचच्या बंदरांकडे पाठ फिरवतील. हा वाद कोर्टापर्यंत गेला, वर्षानुवर्षं चालला आणि 30 एप्रिल 2025 रोजी निवडणुकीबरोबरच जनमत घेण्यात आलं. बहुमताने धक्का नाकारला. त्यामुळे तिथे उतरताना अजूनही लाँचसाठी रांग लावावी लागते आणि समुद्र खवळलेला असेल तर कप्तान जॉर्ज टाउन वगळून पुढे जातो. तिकिटाच्या अटींमध्ये कंपनीने ती मुभा राखून ठेवलेली असते.