व्यसनोपचार निधी, स्थानिक (सातारा व सांगली)

अफू, हेरॉइन, कोडीनयुक्त औषधे, ट्रामाडॉल इ. अफूवर्गीय (ओपिऑइड) पदार्थांच्या व्यसनावरील उपचारांसाठी जिल्हा परिषद, महानगरपालिका, नगरपालिका व जिल्हा नियोजन समिती यांच्यामार्फत होऊ शकणारा खर्च.

या खर्चाची शासकीय जबाबदारी केव्हापासून धरावी, याबाबत एकमत नाही. इंग्रजी अमदानीत अफू हा प्राधान्याने महसुलाचा विषय होता. १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगानेही सरसकट बंदीची शिफारस केली नाही. सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले, सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने मात्र स्वातंत्र्यापर्यंत टिकली. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा अबकारी इतिहास एका सूत्रात मांडणे कठीण आहे. औषधी उपयोग वगळता अफूचे सेवन दहा वर्षांत बंद करण्याचा निर्णय १९४९ च्या सुमारास झाला. काही जण आरंभ तेथे मानतात. परंतु तो बंदीचा निर्णय होता, उपचाराचा नव्हे. व्यसनींसाठी उपचारकेंद्रे काढण्याचा स्पष्ट अधिकार शासनाला अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ च्या कलम ७१ ने मिळाला. निधीच्या दृष्टीने हाच आरंभ धरणे अधिक सयुक्तिक होय.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व रुग्णालये, तर बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हे विषय स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोगे म्हणून नोंदले आहेत. व्यसनोपचाराचा स्वतंत्र उल्लेख दोहोंतही नाही. शासकीय हिशेबात हा खर्च विभागला जातो : रुग्णालयीन बाजू २२१० (वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य) या लेखाशीर्षाखाली (हिशेबातील खर्चाच्या सदराखाली), प्रचार व पुनर्वसन बहुधा २२३५ (सामाजिक सुरक्षा व कल्याण) खाली. परिणामी जिल्ह्याचा एकूण आकडा एका ठिकाणी सापडत नाही. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी २० टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम राखून ठेवावी लागते. व्यसनींसाठी असा वाटा नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या व्यसनमुक्तीविषयक जुन्या योजनेत पंचायत राज संस्था व नगरपालिकाही अनुदानास पात्र होत्या. तरी व्यवहारात हे अनुदान मुख्यतः स्वयंसेवी संस्थांकडे गेले.

अफूवर्गीय व्यसनात खर्चाचा आकार उपचारपद्धतीवर ठरतो. ब्युप्रेनॉर्फिन या, व्यसनाच्या पदार्थाऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधाच्या पर्यायी उपचारात परिचारिका गोळी कुटून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते आणि ती विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून ठेवते. हे रोज, अनेक महिने चालते. इमारतीपेक्षा येथे मनुष्यबळाचा व औषधाचा आवर्ती खर्च मोठा असतो. जिल्हा वार्षिक योजनेतील (जिल्हा नियोजन समितीमार्फत मिळणारा) पैसा ठरावीक मुदतीत खर्ची टाकावा लागतो. त्यातून खाटा व यंत्रे घेता येतात, समुपदेशकाचा पगार वर्षानुवर्षे भागविणे अवघड.

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीचे वसंतदादा पाटील रुग्णालय ही शासकीय असल्याने तेथील खर्च स्थानिक संस्थांच्या अंदाजपत्रकात येत नाही. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाड येथून मेफेड्रोन (एमडी) जप्त केल्यानंतर सांगलीत हा विषय ऐरणीवर आला. मेफेड्रोन हे उत्तेजक आहे, अफूवर्गीय नव्हे. त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखे मान्य पर्यायी औषध नाही, म्हणून दोहोंच्या खर्चाचा अंदाज वेगवेगळा करावा लागतो.