एमआरआयमध्ये स्किझोफ्रेनिया ‘दिसत’ नाही

‘मेंदूतल्या तारा तुटल्या की स्किझोफ्रेनिया होतो आणि एमआरआयमध्ये ते दिसतं’, हा समज बरीच वर्षं फिरतोय. अर्धवट खरा असल्यामुळेच तो इतका चिवट आहे.

मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंचा पसारा म्हणजे व्हाइट मॅटर. डीटीआय या एमआरआयच्या प्रकारात हे तंतू थेट दिसतच नाहीत. पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने जास्त सरकतात ते मोजून ० ते १ मधला एक आकडा काढतात, त्याला एफए म्हणतात. २०१८ साली एनिग्मा या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्तींचे स्कॅन एकत्र तपासले. रुग्णांचा सरासरी एफए कमी निघाला, पण फरक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापाच्या) जेमतेम ०.४ पट. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले, की एकट्या माणसाच्या स्कॅनवरून निदान शक्य नाही.

शिवाय एफए घटला म्हणजे तंतू तुटले, असंही नव्हे. तंतू एकमेकांना छेदत असले, पेशींबाहेरचं पाणी वाढलं (पहिल्या एपिसोडमध्ये, म्हणजे आजार पहिल्यांदा उफाळतो तेव्हा, असं आढळलंय) किंवा स्कॅन चालू असताना डोकं हललं, तरी आकडा बदलतो. आणि बेचैन रुग्णाचं डोकं हलणारच! लक्षणांशी मेळ तर आणखी डळमळीत: नसलेले आवाज ऐकू येणाऱ्यांमध्ये आर्क्युएट फॅसिक्युलसचा (भाषेशी संबंधित भाग जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्याचा) एफए काही अभ्यासांत वाढलेला, काहींत घटलेला.

मग पहिल्या एपिसोडला एमआरआय कशाला? गाठ, मेंदूचा दाह असं दुसरं कारण नाही ना, हे पाहायला. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून औषधं थांबवू नयेत. निदान लक्षणांवर आणि त्यांच्या कालावधीवर होतं, आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणानुसार लक्षणं किमान एक महिना असावी लागतात.