ॲल्युमिनियम नळ्यांचे घरगुती अल्ट्रालाइट विमान

हौशी माणूस घराच्या गॅरेजमध्ये किंवा गोठ्याएवढ्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा आणि पॉलिएस्टर कापड यांपासून जे एकआसनी हलके विमान बांधतो, त्याला हे नाव आहे. वेल्डिंग जवळजवळ नाही, साचे नाहीत. करवत, ड्रिल, कानस, रिव्हेटगन आणि टॉर्क पान्हा (ठरावीक पिळानेच नट आवळणारा) एवढ्यावर सांगाडा उभा राहतो. नळी कापणे सोपे असते. विमान टिकते की मोडते हे ठरते सांध्यांवर.

हा प्रकार हँग ग्लायडरमधून, म्हणजे चालकाला लटकवून उडणाऱ्या बिनइंजिनी पंखातून आला. १९७५ मध्ये अमेरिकेत जॉन मूडी यांनी ‘इकॅरस २’ या दुहेरी पंखांच्या ग्लायडरला छोटे इंजिन बसवून सपाट जमिनीवरून धावत उड्डाण केले. पुढच्या वर्षी ऑशकॉश या अमेरिकी गावातल्या हौशी वैमानिकांच्या मेळाव्यात त्यांनी ते दाखवले आणि लाट उसळली. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९८२ मध्ये ‘भाग १०३’ हा नियम आणून तिला चौकट दिली. या नियमानुसार इंजिनसह रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा (सुमारे ११५ किलो) कमी, इंधन जास्तीत जास्त ५ गॅलन (१९ लिटर), पूर्ण शक्तीवर सपाट उड्डाणाचा वेग ५५ नॉटच्या (१०२ किमी/तास) आत आणि इंजिन बंद असताना स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखाची उचल ढासळते तो) २४ नॉटपर्यंत (४४ किमी/तास) असावा लागतो. चालक एकटाच. एवढे पाळले तर तिथे विमानाची नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवानाही लागत नाही. उड्डाण मात्र दिवसाउजेडी आणि दाट वस्ती टाळूनच करायचे. रॉकेटने उघडणारे पॅराशूट असल्यास २४ पौंडांची सूट मिळते.

भारतात ही मोकळीक नाही. इथे नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी या दोन्हींसाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जावे लागते. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडलेल्या विमानाला नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडले. ते सहा आसनी होते, अल्ट्रालाइट नव्हे.

आराखड्याची सुरुवात स्टॉलच्या वेगापासून करावी, कारण पंखाचे क्षेत्रफळ त्यावरूनच निघते. विमान ११५, इंधन १४ आणि चालक ८० किलो धरले तर एकूण वजन सुमारे २१० किलो होते. २४ नॉट म्हणजे सेकंदाला १२.३ मीटर. साध्या कापडी पंखाचा कमाल उत्थापन गुणांक (पंखाची उचलण्याची क्षमता सांगणारा आकडा) १.५ धरला, तर समुद्रसपाटीला दर चौरस मीटरमागे सुमारे १४० न्यूटन उचल मिळते. म्हणजे पंख साधारण १४.७ चौरस मीटर हवा: १० मीटर लांब, दीड मीटर रुंद. पंख लहान करून वजन वाचवू पाहणारा इथेच अडकतो.

सांगाड्याच्या दोन घराण्यांत फरक आहे. क्विकसिल्व्हरसारख्या विमानांत मोठ्या व्यासाच्या गोल नळ्या बोल्टने जोडतात, वर किंगपोस्ट (तारा बांधायचा मधला खांब) उभारून सगळे तारांनी ताणतात आणि पंखावर शिवलेली कापडी पिशवी चढवतात. दुसऱ्या घराण्यात बारीक नळ्यांचा जाळीदार सांगाडा गसेट-पट्ट्या (सांध्यावर बसवायचे पत्र्याचे तुकडे) आणि पॉप रिव्हेटने जोडतात. कॅनडातील ग्रॅहॅम ली यांची ७/८ मापाची न्यूपोर्ट ११ ही प्रतिकृती याचे प्रसिद्ध उदाहरण. पहिले लवकर होते आणि ट्रेलरवर घडी करून नेता येते. दुसऱ्यात शेकडो छिद्रे पाडावी लागतात, पण तारा कमी आणि दिसायला खरेखुरे विमान.

नळी ६०६१-टी६ याच मिश्रधातूची घ्यावी (टी६ म्हणजे उष्णतेने कडक केलेली अवस्था). कायमची वाकण्याआधी ती दर चौरस मिलिमीटरला सुमारे २७५ न्यूटन ताण सोसते. खिडक्यांच्या सेक्शनचा ६०६३-टी५ दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण ताकद जेमतेम निम्मी. वेल्डिंग केले की उष्णतेने टी६ चा कडकपणा सांध्याभोवती उतरतो, म्हणून भार घेणारे सांधे बोल्ट-रिव्हेटचेच. टी६ नळी तीव्र वळणाला चेपते किंवा तडकते. वाळू ठासून भरली तरी मोठ्या त्रिज्येचाच बाक द्यावा.

खूण फेल्ट पेनने करावी. अणकुचीदार सुईच्या ओरखड्यातून पुढे तडा जातो, आणि पेन्सिलीच्या ग्रॅफाइटने ॲल्युमिनियम गंजते. गोल नळीत समोरासमोर छिद्रे जुळवणे हे नवशिक्याचे पहिले दुखणे. नळी व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) घट्ट बसवून आधी ३ मिमीचे छिद्र पाडावे, मग दोन्ही बाजूंनी थोडे लहान छिद्र आणि शेवटी रीमर, म्हणजे छिद्र नेमक्या मापाचे करणारे हत्यार. ३/१६ इंची एएन३ बोल्टसाठी शेवटचे माप ४.८ मिमी. छिद्र लंबगोल झाले तर बोल्ट हलतो, हलला की छिद्र आणखी मोठे होते. असा तुकडा सरळ बाजूला टाकावा. छिद्राचा मध्य कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या निदान दुप्पट आत असावा. बर (छिद्राच्या कडेला उरलेली धारदार कोर) दोन्ही तोंडांची काढावी, आतलीसुद्धा. स्पारमध्ये (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य नळीत) वरून खाली छिद्र पाडू नये, कारण पंख वाकताना सर्वाधिक ताण त्याच जागी असतो. पुढून मागे, नळीच्या मध्यरेषेवर पाडलेले छिद्र फारसे नडत नाही.

बोल्टचे आटे छिद्राच्या भिंतीवर टेकता कामा नयेत. बिनआट्याची लांबी पुरी हवी. नायलॉक नटला (नायलॉनच्या कडीमुळे आपोआप न सुटणाऱ्या) २० ते २५ इंच-पौंड (२.३ ते २.८ न्यूटन-मीटर) टॉर्क पुरतो. इथे हाताच्या अंदाजाने आवळणारे अनुभवी मेकॅनिकच जास्त नळ्या चेपवतात. आत बुश (आधाराची छोटी नळी) घालावे किंवा बाहेर नळीच्या गोलाईचे खोगीर-वॉशर द्यावे. पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे झिंक क्रोमेट प्रायमर लावावा.

तार बहुधा १/८ इंची असते. गॅल्व्हनाइज्ड ७×१९ (१९ धाग्यांच्या ७ पेळांची) तार तुटायला सुमारे ९०० किलो भार लागतो. थिंबलभोवती (फासात बसणाऱ्या खोबणीच्या धातूच्या कडीभोवती) वळवून तांब्याची बाही तीनदा दाबायची: आधी मधोमध, मग थिंबलकडे, शेवटी दुसरे टोक. प्रत्येक दाब गेजने तपासावा.

पंखाच्या टेकूचे (पंख आणि धड जोडणाऱ्या तिरक्या नळीचे) गणित पुष्कळांना चकवते. उड्डाणात टेकू ताणात असतो आणि निवांत वाटतो. वाऱ्याचा झोत वरून बसला की तो दाबात जातो. ५० मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची, २.४ मीटर लांब नळी कागदावर सुमारे ८०० किलो दाबाला बाक धरते. तिला मधोमध बारीक आडटेकू देऊन लांबी निम्मी केली की हाच आकडा चौपट, ३,२०० च्या घरात जातो. म्हणून क्षुल्लक दिसणारी ती काडी वजन वाचवण्यासाठी कधी काढू नये.

कापड इस्त्रीने ताणतात: पहिला फेरा १२० अंश सेल्सियसला, शेवटचा १७७ ला. शेपटीच्या हलक्या चौकटींवर शेवटचा फेरा दिला तर त्या पिळवटतात.

टू-स्ट्रोक इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर आणि प्रॉपेलर मिळून सुमारे ४० किलो होतात. पेट्रोल-तेलाच्या ५०:१ मिश्रणासाठी १९ लिटरमागे ३८० मिलिलिटर तेल. पेट्रोल कमी पडून हवेबरोबरचे मिश्रण पातळ झाले की पिस्टन जाम होतो. प्रॉपेलर उंचावर, मागे तोंड करून बसवला असेल तर थ्रॉटल उघडताच नाक खाली जाते, आणि इंजिन बंद पडताच वर उसळते. वेग आधीच कमी असेल तर पुढचे पाऊल स्टॉल.

तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवून, चालकाला बसवून गुरुत्वमध्य मोजावा. साध्या मांडणीत तो पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर यावा. शेपूट जड असलेले विमान स्टॉलमधून सावरत नाही.

भाराची कसोटी विमान उलटे ठेवून वाळूच्या पोत्यांनी घेतात. पंख ३५ किलोचे असतील तर ४ जी (गुरुत्वाच्या चौपट भार) साठी एकूण २१० पैकी उरलेल्या १७५ किलोंची चौपट, म्हणजे ७०० किलो. त्यातून पंखांचे स्वतःचे ३५ वजा करून ६६५ किलो पोती. वजनाचा मोठा वाटा पुढच्या तिसऱ्या भागात रचावा. पोती उतरल्यावर पंख मूळ जागी आला नाही, तर कुठेतरी नळी वाकली आहे किंवा छिद्र ताणले आहे.

पहिल्या उड्डाणाआधी काठी डावीकडे नेल्यावर डावे एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी झडप) वर उठते का हे दुसऱ्याने पाहावे. तारा उलट जोडल्या गेल्याचे प्रकार घडतात. पंख दुमडून ट्रेलरवर नेण्यात थिंबलजवळ तार मुरडते आणि तिथला एखादा धागा तुटतो. तारेवरून कापडाचा बोळा फिरवला की तो तिथे अडकतो. अडकला की तार बदलायची.