गुडघारोपणानंतरचा व्यवसायोपचार

झिजलेला गुडघा बदलल्यानंतर अंघोळ, कपडे, शौच, स्वयंपाक, प्रवास ही रोजची कामे रुग्णाला पुन्हा स्वतःची स्वतः करता यावीत, यासाठी दिले जाणारे प्रशिक्षण व त्यासाठी घरात केले जाणारे फेरबदल. फिजिओथेरपीत सांध्याची हालचाल आणि मांडीच्या स्नायूंची ताकद वाढवतात. ती ताकद मोरीत, ओट्याशी आणि जिन्यावर कशी वापरायची, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) शिकवतात. भारतात या शाखेचे शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले.

सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकावा लागतो, खुर्चीतून उठायला ९० ते १००. उकिडवे बसायला मात्र सव्वाशेच्याही पुढे जावे लागते आणि नवा गुडघा बहुतेकदा ११० ते १२० अंशांपर्यंतच वाकतो. पाटावर बसून अंघोळ, देवघरापुढची मांडी आणि भारतीय पद्धतीचा संडास या आपल्याकडच्या खऱ्या अडचणी. म्हणून घराची पाहणी शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवी. रुग्ण घरी आल्यावर कमोडची शोधाशोध सुरू होणे फार त्रासाचे ठरते. संडासात कमोड खुर्ची किंवा सीट उंच करणारी बैठक, मोरीत रबरी बुडाचे उंच स्टूल, भिंतीला पक्का दांडा, पायपुसणी व सैल सतरंज्या उचललेल्या, एवढी तयारी पुष्कळ झाली. बादलीही स्टुलाच्या उंचीला आणून ठेवावी, म्हणजे तांब्या घ्यायला वाकावे लागत नाही.

खुर्ची हातांची आणि गुडघ्यापेक्षा जरा उंच असावी. उठताना आधी कडेशी सरकायचे, शस्त्रक्रियेचा पाय थोडा पुढे ठेवायचा आणि खुर्चीचे हात रेटून उभे राहायचे. वॉकरला ओढून उठू नये, तो उलटतो. पायजमा किंवा सलवार घालताना शस्त्रक्रियेचा पाय आधी घालावा, काढताना तोच शेवटी काढावा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरतात. निम्मे लोक ती उलट्या हातात धरतात असे वाटावे, इतकी ही चूक सर्रास दिसते.

स्वयंपाकघरात रोजची भांडी आणि डबे कंबर ते खांदा या उंचीत आणावेत. कणीक मळणे, भाजी चिरणे ही कामे उंच स्टुलावर बसून करावीत. पण तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवला की सूज वाढते, म्हणून मधूनमधून आडवे होऊन पाय उशीवर उंच ठेवावा. उशी घोट्याखाली हवी. गुडघ्याखाली ठेवली की बरे वाटते, आणि तिथेच घात होतो: गुडघा वाकलेलाच राहू लागतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. पोटरी अचानक दुखू लागली, सुजली किंवा दम लागला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

गाडी चालवणे साधारण सहा आठवड्यांनंतर आणि शल्यविशारदाच्या परवानगीने. ब्रेक जोराने दाबता येतो की नाही, हे आधी पाहतात. दुचाकीला त्याहून उशीर लागतो, कारण सिग्नलला गाडीचा भार पायावर येतो. रिक्षात बसताना आधी सीटवर टेकायचे, मग पाय एकेक करून आत घ्यायचे.