धड्याशेजारचा चौकोन आणि त्यामागचा आवाज

पाठ्यपुस्तकात धड्याशेजारी छापलेला काळा-पांढरा चौकोन आता कुणाला नवा वाटत नाही. पण त्याची वाट सोलापूर जिल्ह्यातून गेलेली आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कवितांचे ऑडिओ, व्हिडिओ आणि स्वाध्याय मुलांच्या हाती दिले. २०१७ मध्ये राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड आणायचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. चौकोन गाजला. त्यातून वाजणारा आवाज घरच्या घरी, पैसे न मोजता तयार करता येतो, यामागे मात्र तीन-चार वेगवेगळ्या घडामोडी आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. पेटंट कंपनीकडेच होतं, पण प्रमाणित कोड वापरणाऱ्यांवर हक्क बजावणार नाही असं तिने जाहीर केलं. म्हणून आज कुणीही कोड बनवू शकतो. आवाज त्या चौकोनातच भरलेला असतो, असा एक समज अजून भेटतो. मोठ्यात मोठ्या कोडात २,९५३ बाइट मावतात. सेकंदाला १६ किलोबिट इतका दाबलेला आवाज घेतला तरी जेमतेम दीड सेकंद. ‘नमस्कार मुलांनो’सुद्धा पुरतं बसायचं नाही. चौकोनात असतो तो फक्त पत्ता.

दुखणंही तिथलंच. पत्ता लांब असेल तर ठिपके बारीक होतात आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणून लोकांनी पत्ता आखूड करून देणाऱ्या सेवा वापरल्या. गूगलने आपल्या तशा सेवेत नवे पत्ते बनवणं २०१९ मध्ये थांबवलं, पुढे जुनेही बंद करायचं जाहीर केलं आणि शेवटच्या क्षणी वापरातले पत्ते तेवढे राखले. छापलेला कागद मागे घेता येत नाही. त्यामुळे कोडात असा पत्ता द्यावा ज्याच्या मागची फाइल आपल्याला बदलता येईल. कोड निदान २ सेंटिमीटरचा असावा आणि चारही बाजूंना चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडावी. चौकट सजवण्याच्या नादात हीच जागा आधी जाते.

आवाजाच्या बाजूला ऑडॅसिटी आली, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून त्याची कापाजोड करायची फुकट संगणक-प्रणाली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये ती लिहायला घेतली. मे २००० मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. पण अनेक वर्षं तिच्यात एक खोच होती. तिच्यातून एमपी३ काढायची तर ‘लेम’ नावाची, एमपी३ बनवून देणारी फाइल वेगळी शोधून आणावी लागे, कारण एमपी३ पेटंटखाली होतं. २०१७ मध्ये एमपी३ विकसित करणाऱ्या जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने परवाना योजना गुंडाळली आणि २०१९ पासून विंडोज-मॅकच्या ऑडॅसिटीत लेम आतच येऊ लागलं. ज्यांनी त्याआधी शिकवण्या घेतल्या, त्यांचा अर्धा तास ती फाइल शोधण्यातच जायचा.

दुसरी जुनी फजिती प्रोजेक्टची. २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती येईपर्यंत एक छोटी ‘एयूपी’ फाइल आणि तिच्या शेजारी डेटाचं फोल्डर अशी विभागणी असे. पेनड्राइव्हवर फक्त छोटी फाइल नेली की दुसऱ्या संगणकावर आवाज गायब. आता एकच ‘एयूपी३’ असते. तरी ती प्रोजेक्टची फाइल आहे, फोनवर वाजत नाही. एक्स्पोर्ट, म्हणजे वाजणाऱ्या फाइलमध्ये रूपांतर, करावंच लागतं. मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ ठेवलं तर पाच मिनिटांचा धडा २.४ एमबीत बसतो. तोच न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये २६ एमबीच्या वर जातो.

व्हिडिओचं थोडक्यात. विंडोज मूव्ही मेकर २००० मध्ये आला आणि जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काढून घेतला. त्या जागी ओपनशॉट आणि केडेनलाइव्ह ही मुक्त साधनं आहेत. देवनागरी पाट्या टाकताना ‘शिक्षक’मधली वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाऊन बसली, तर त्या प्रोग्रॅमला अक्षरजोडणी येत नाही एवढंच समजायचं. फाँट बदलत बसू नये. पाटी दुसरीकडे तयार करून चित्र म्हणून टाकावी.

फुकट साधनांनी न सुटलेला भाग म्हणजे खोली. पत्र्याचं छत, शहाबादी फरशी आणि रंगवलेल्या भिंती असलेल्या वर्गात आवाज घुमतो. घुमलेला आवाज नंतर साफ होत नाही, तो मुळातच रोखावा लागतो. सोलापूरकरांकडे त्याचं साहित्य घरातच आहे: जाड सोलापुरी चादर. बोलणाऱ्याच्या पाठीमागे एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, दोरीवर चुण्या पडतील अशा टांगाव्यात. ताणून लावल्या तर काम कमी करतात. टेबलावर टॉवेलची घडी. चादर खोलीतला घुमारा शोषते, बाहेरचा आवाज अडवत नाही.

सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागांशेजारी राहणाऱ्यांची अडचण नेमकी बाहेरच्या आवाजाची. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा नको असलेला आवाज कमी करायची सोय, आहे: कुणी बोलत नसलेला दोन सेकंदांचा तुकडा निवडून त्या आवाजाचा नमुना (प्रोफाइल) घ्यायचा, मग पूर्ण ट्रॅक निवडून १२ डेसिबल लावायचे. पंख्याची घरघर यात छान उतरते, कारण ती सतत एकसारखी असते. मागाची खटखट उतरत नाही. धोटा आदळल्याचा प्रत्येक ठोका क्षणभराचा आणि वेगळा, शिवाय तो ‘क’, ‘ट’, ‘त’ ज्या पट्ट्यात ऐकू येतात तिथेही पसरलेला. आकडा २४ वर नेला की खटखट तशीच राहते आणि बोलणारा पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. अशा घरात माग बंद असतानाच रेकॉर्डिंग करावं. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवून अर्धा तास बसवत नाही, तेव्हा पहाटेच उरकावं किंवा पाच-पाच मिनिटांचे तुकडे करावेत.

फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका धरावा. ‘फ’, ‘भ’, ‘ख’ यांची हवा सरळ माइकवर आदळली की भप्प असा आवाज येतो. पातळीचा काटा मोठ्या शब्दालाही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. लाटांचे माथे सपाट दिसले तर तो भाग पुन्हा बोलावा. तयार फाइल हेडफोनवर तपासून झाली की साध्या फोनच्या स्पीकरवर, अंगणात उभं राहून एकदा ऐकावी. हेडफोनमध्ये छळणारी विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्या छोट्या स्पीकरमधून जवळपास येतच नाही. गिळलेले शब्द मात्र तिथे लगेच कळतात.