उत्पत्तीच्या ग्रंथातील दोन सृष्टिकथा

देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, सहाव्या दिवशी मातीपासून आदाम घडवला, त्याच्या फासळीपासून स्त्री केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, अशी बायबलमधील सृष्टिकथा बहुधा सांगितली जाते. यातला एकही तपशील खोटा नाही. मात्र हे सारे एकाच कथेतले नाही. यहुद्यांच्या तोराहचा आणि ख्रिस्ती जुन्या कराराचा आरंभ ज्या उत्पत्तीच्या ग्रंथाने होतो, त्यात दोन सृष्टिकथा एकापाठोपाठ आलेल्या आहेत. सहा दिवस पहिल्या कथेत आहेत, दुसरीत दिवसांची मोजणीच नाही. माती आणि फासळी दुसरीत आहेत, पहिलीत त्यांचा उल्लेखही नाही.

पहिली कथा पहिल्या अध्यायाबरोबर संपत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. अध्यायांची आज रूढ असलेली विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि ती इथे काहीशी गैरसोयीची ठरली आहे. सातव्या दिवसाचा विसावा दुसऱ्या अध्यायात गेला असून खरा सांधा त्या अध्यायाच्या चौथ्या वचनात सापडतो. तिथूनच देवाचे नावही बदलते: तोवर केवळ ‘देव’ असलेला कर्ता मराठी बायबलमध्येही ‘परमेश्वर देव’ होतो.

पहिल्या कथेच्या आरंभी सर्वत्र पाणी आणि अंधार आहे, आणि देव केवळ शब्दाने निर्मिती करतो. तिची मांडणी अतिशय आखीव आहे: पहिल्या दिवशी प्रकाश, तर चौथ्या दिवशी तो देणाऱ्या ज्योती, दुसऱ्या दिवशी आकाश व जलाशय वेगळे होतात, पाचव्या दिवशी त्यांत पक्षी व मासे येतात, तिसऱ्या दिवशी कोरडी भूमी व वनस्पती, सहाव्या दिवशी त्या भूमीवरचे पशू आणि अखेरीस मनुष्य, तोही नर व नारी असा एकाच वेळी, देवाच्या प्रतिरूपात. सूर्य आणि चंद्र यांची नावे न घेता त्यांना ‘मोठी ज्योती’ व ‘लहान ज्योती’ म्हटले आहे. बाबेलोनमध्ये हे दोघे देव मानले जात असल्याने, इसवी सनपूर्व सहाव्या शतकात यहुदी बाबेलोनमध्ये बंदिवासात होते त्या काळाच्या आसपास ही कथा लिहिली गेली असावी आणि ज्योतींचे हे देवत्व तिने मुद्दाम नाकारले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. सातव्या दिवसाचा विसावा शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या शनिवारच्या साप्ताहिक विश्रांतीला, आधार देतो. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला ‘शनिवार तेली’ हे नाव मिळाले, ते शनिवारी घाणा बंद ठेवण्याच्या याच प्रथेमुळे.

दुसऱ्या कथेची अडचण नेमकी उलटी आहे: तिथे पाणी फार नसून फार थोडे आहे. पाऊस पडलेला नाही, जमीन कसायला माणूस नाही, म्हणून शेतात झुडूपही उगवलेले नाही. अशा कोरड्या भूमीत परमेश्वर देव कुंभारासारखा माती घेऊन पुरुष घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, मग एदेनात बाग लावतो आणि तिची मशागत व राखण त्याच्याकडे सोपवतो. वनस्पतींनंतर माणूस हा पहिल्या कथेतला क्रम इथे फिरतो, आणि प्राण्यांचे तर त्याहून स्पष्ट आहे. पुरुषाने एकटे असणे बरे नाही म्हणून पशुपक्षी घडवले जातात, तो त्यांना नावे देतो, पण त्यांत त्याला अनुरूप सोबती सापडत नाही. तेव्हा कुठे स्त्री निर्माण होते. हव्वा हे तिचे नाव तर तिसऱ्या अध्यायात येते.

ही विसंगती आधुनिक टीकाकारांनी शोधून काढली, असे समजणे बरोबर नाही. अकराव्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी यांनी दुसऱ्या कथेला पहिलीतल्या संक्षिप्त विधानाचा विस्तार मानले, आणि परंपरानिष्ठ वाचक आजही बहुधा याच मार्गाने जातात. 1753 मध्ये झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने देवाच्या दोन नावांवरून दोन मूळ लेखनांचा तर्क मांडला. पुढे एकोणिसाव्या शतकात यूलियुस वेलहाउझेन या जर्मन अभ्यासकाने त्या दिशेच्या संशोधनाला व्यापक रूप दिले आणि पहिली कथा याजकवर्गाच्या लेखनात, तर दुसरी त्याहून जुन्या लेखनात घातली. या कालनिर्णयावर अजून वाद आहेत, पण कथा दोन आहेत हे अभ्यासकांत सामान्यतः मान्य आहे, आणि मला ते राशींच्या उत्तरापेक्षा मजकुराशी अधिक प्रामाणिक वाटते, कारण विस्तार करताना क्रम उलटण्याचे कारण उरत नाही.

नव्या कराराने दोन्ही कथा वापरल्या आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात येशू सूटपत्राच्या, म्हणजे घटस्फोटाच्या, प्रश्नाला उत्तर देताना ‘नर व नारी’ हे पहिल्या कथेतले आणि ‘ती दोघे एकदेह होतील’ हे दुसऱ्या कथेतले वचन सलग उद्धृत करतो. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र मात्र ‘प्रथम आदाम घडवला गेला, नंतर हव्वा’ या दुसऱ्या कथेतल्या क्रमावर विसंबून स्त्रीला उपदेश करण्यास मनाई करते; स्त्रीपुरुष समानतेचा पक्ष घेणारे ख्रिस्ती त्याला उत्तर देताना सहसा पहिल्या कथेकडे वळतात. मिद्राशात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या प्राचीन शास्त्रविवरणात, हा पेच वेगळ्या रीतीने सोडवलेला आढळतो: पहिला मनुष्य दोन तोंडांचा होता, आणि देवाने त्याला कापून त्याचे दोन देह केले.