शरीरस्थिती व बालकांचे श्वसन

बसणे, उताणे, पालथे वा कुशीवर निजणे यांनुसार मुलांच्या फुप्फुसांतील हवेचे प्रमाण व तिची वाटणी बदलते. उताणे निजल्यावर पोटातील अवयव श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा) वर लोटतात आणि साधा श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा घटते. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये स्पायरोमीटरचे (श्वासातील हवा मोजण्याच्या यंत्राचे) वर्णन करताना उभे व आडवे असतानाच्या मापांतील फरक नोंदला. ती मोजणी अर्थात प्रौढांची होती.

तान्ह्या बाळाच्या बरगड्या जवळजवळ आडव्या व छातीचा पिंजरा मऊ असतो. श्वासाचा बहुतेक भार श्वासपटलावर पडतो. उच्छ्वास पुरा होण्याआधीच पुढचा श्वास घेऊन, तसेच कंठद्वार आखडून बाळ फुप्फुसांतील हवा टिकवते. सुमारे दुसऱ्या वर्षापर्यंत पिंजरा बऱ्यापैकी ताठ होतो.

मतभेद आहे तो कुशीबाबत. प्रौढांत खालच्या फुप्फुसाला हवा अधिक मिळते, म्हणून एकाच बाजूचा आजार असल्यास निरोगी बाजू खाली ठेवतात. तान्ह्या मुलांत १९८३ च्या एका अभ्यासात उलट आढळले: निरोगी बाजू वर असताना रक्तातील ऑक्सिजन अधिक होता. १९८५ मध्ये किरणोत्सर्गी क्रिप्टॉन वायूच्या चित्रणानेही वरच्या फुप्फुसाकडे हवा अधिक जाते असे दाखवले. मऊ पिंजऱ्यामुळे खालच्या भागातील लहान श्वासनलिका लवकर मिटतात, हे त्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण. पुढे विद्युत्-रोधावर आधारित चित्रणात मात्र चित्र इतके एकसारखे दिसले नाही. काही मुलांत प्रौढांसारखीच वाटणी आढळली. त्यामुळे ‘निरोगी बाजू वर’ हा नियम सरसकट न लावता प्रत्येक बाळाचा ऑक्सिजन पाहून कूस ठरवणे अधिक सयुक्तिक वाटते.

कृत्रिम श्वसनावरील अपुऱ्या दिवसांच्या बाळांत पालथ्या स्थितीत ऑक्सिजन थोडा सुधारतो, पण हे सतत देखरेखीखालीच. झोपेसाठी बाळाला उताणेच ठेवावे. पालथ्या झोपेचा अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूशी संबंध दिसल्याने १९९० च्या दशकात अनेक देशांत तशी शिफारस झाली आणि हे मृत्यू लक्षणीय घटले.

मोठ्या मुलांची फुप्फुसक्षमता सहसा ताठ बसवून मोजतात. दीर्घ श्वासानंतर सोडता येणारी कमाल हवा आडवे होताच बरीच घटली, तर श्वासपटलाच्या दुर्बलतेचा संशय घेतात. मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांत मात्र ती आडवे झाल्यावर बहुधा वाढते, कारण बसलेल्या स्थितीत पोटाचे सैल स्नायू श्वासपटलाला आधार देत नाहीत.